न भिजवलेली छागळ

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे आणि माझं कुणाशी फारसं पटत नाही. छागळ म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, हे आता सांगावं लागतं, यातच सगळं आलं. पेणच्या बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला शिवलं, तोंडाला लाकडी बूच बसवलं आणि त्र्यंबक मास्तरांच्या हाती देताना बजावलं, "मास्तर, आदल्या रात्री भिजत घालायची हां. सुकी भरलीत तर गळणार." भिजलं की माझे धागे फुगतात आणि भोकं बुजतात. मग मी नुसती पाझरते, आणि वारा लागला की आतलं पाणी गार होतं.

मास्तरांनी वीस वर्षं हा नेम पाळला. उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन ते डोंगर चढायचे आणि मला झाडाला टांगायचे. घोटभर पिऊन मुलं म्हणायची, "सर, फ्रीजपेक्षा गार." पुढे मास्तरांचे गुडघे गेले, घरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, आणि मी अकरा वर्षं माळ्यावरच्या खिळ्याला वाळत राहिले. पालीने माझ्या घडीत अंडी घातली. प्लॅस्टिकला मी तेव्हापासून पाण्यात पाहते.

गेल्या मे महिन्यात मास्तरांचं आणि त्यांच्या लेकीचं, सावनीचं, जुंपलं. सावनी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर जाते आणि तिथेच खोली घेऊन राहते. तिला तिथल्या एका डोंगरावर एकटीने मुक्काम करायचा होता.

"भर मेमध्ये? आणि एकटी?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही मेमध्येच जात होतात, बाबा."

"चाळीस जण असायचो."

"मला चाळीस जण नको आहेत."

मास्तर दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढले, मला काढलं आणि तिच्यापुढे टाकलं. "जा. तुला सगळं कळतंच." भिजवायचं मात्र सांगितलं नाही. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं, ते मी पाहिलं. मला त्यांचा फार राग आला.

शनिवारी सकाळी सावनीने मला नळाखाली धरून भरलं. मी दहा ठिकाणी गळू लागले. "फाटकीच दिली," ती म्हणाली, "आणि नेली नाही तर तेही ऐकवतील." तिने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, गाठ मारली आणि सॅकमध्ये उभं दाबून बसवलं. बाहेरच्या कप्प्यांत दोन बाटल्या ऐटीत बसल्या होत्या.

पायथ्याच्या वाडीत मोळी घेऊन निघालेली पुतळी नावाची बाई भेटली. "एकटीच का गो? वरल्या टाक्यात पानी नाय हां. होळीलाच आटलं."

"फोनवर तर बारमाही लिहिलंय."

"मग फोनच पी," असं म्हणून पुतळी चालू लागली.

तो डोंगर उन्हाळ्यात माणसाला उभं करत नाही. पायाखालचे दगड निसटतात, करवंदीचे काटे बाह्या धरतात, हात टेकावा तर कातळ पोळतो. एका वळणावर सावनी घसरली आणि एक बाटली दरीत गेली. दुसरी चार वाजेपर्यंत संपली. माथ्यावर खडकात खोदलेलं टाकं होतं. त्यात तडकलेला चिखल होता आणि माकडांची लेंडकं.

पायांत गोळे आले होते, आणि उतरायला उजेड पुरणार नव्हता. सावनी टाक्याच्या काठावर बसून रडली. फार वेळ नाही, रडायलाही पाणी लागतं. मग तिला माझी आठवण झाली.

तिने गाठ सोडली. मी अर्धी रिकामी झाले होते आणि गळलेलं अर्धं पाणी त्या पिशवीत साठलं होतं. एक थेंब वाया गेला नव्हता. ज्या प्लॅस्टिकला मी पाण्यात पाहत होते त्यानेच माझं पाणी राखलं. आभार मी अजून मानलेले नाहीत.

सावनी ते कोमट पाणी प्यायली. उरलेलं माझ्यात ओतलं आणि आता गळेल म्हणून बघत बसली. पण दिवसभर मी त्याच पाण्यात बुडून होते, माझे धागे फुगले होते. मी गळले नाही. तिला तेव्हा उमगलं. तिने मला वाऱ्याच्या तोंडाशी फांदीला टांगलं, आणि पहाटे माझं पाणी गार होतं. त्याच्या घोटाघोटावर ती डोंगर उतरली.

रविवारी दुपारी ती पेणला आली. मास्तर दारातच उभे होते.

"भिजवली होतीस?"

"सांगितलं होतंत?"

मास्तर खाली बघू लागले. "नव्हतं सांगितलं. रागात होतो."

"मी मेले असते, बाबा."

मास्तरांनी तिच्या हातातून मला घेतलं.

मित्रांनो, वस्तू जपायची तर तिची रीत जपा, आणि कुणाला द्याल तर रीत सांगून द्या. राग आला असेल तर आधी सांगा आणि मग खुशाल भांडा.

त्या दोघांचं अजूनही पटत नाही. परवा सुट्टीला आलेल्या सावनीने पुन्हा डोंगराचं नाव काढलं. मास्तर म्हणाले, "जायचं नाही." मग उठले आणि मला बादलीत बुडवून आले.