बारा तासांची चावडी

कुंभकोणमच्या वेशीलगतच्या गावाचे मुनसफ म्हणून सेतुरामांचा मान मोठा, पण कंपनी जाऊन राणीचे राज्य आले तरी अधिकार चिमूटभरच. शिवीगाळ, धक्काबुक्की एवढेच खटले ऐकायचे आणि फार तर बारा तास चावडीत बसवायचे. दात पडला की जबर दुखापत! मामला थेट कुंभकोणमच्या मॅजिस्ट्रेटकडे, आणि पुढे तुरुंग.

एकादशीच्या सकाळी भजनमंडळीचे म्होरके व्यंकटरमणराव तावातावाने चावडीत आले. झांजवाल्या रंगाने काल ढकलले म्हणत त्यांनी तोंड उघडून पुढच्या दाताची रिकामी जागा दाखवली.

"यास कुंभकोणमास धाडा, मुनसफ!"

रंगा मान खाली घालून उभा होता. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. पोरगा तापट खरा, पण दुष्ट नव्हे. तरी अर्ज दाबून ठेवला असता, तर तोही अन्यायच झाला असता.

लेखणी दौतीत बुडवून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "भांडणाचें मूळ काय?"

"भजनांत माझी शीळ वाजते म्हणून हा चारचौघांत नक्कल करीत होता! म्हणून मी त्यास शिवी दिली, मग त्यानें मजला ढकललें."

"शीळ? ती कोठून वाजते?"

"ह्याच दाताच्या फटींतून!" राव गरजले, आणि चटकन तोंडावर हात धरला.

सेतुरामांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे दात आधींच पडला होता."

"मागल्या एकादशीस," राव पुटपुटले. "सगळे हसले, माझ्या मनास फार लागलें. खोटें बोललों."

"आणि रंगा, ढकललेंस तें?"

"तें खरें, मुनसफ."

रंगाला संध्याकाळपर्यंत चावडी झाली. रावांची सेतुरामांनी अशी खरडपट्टी काढून घरी पाठवणी केली, की त्यांना तोंड वर करवेना.

दुपारी चारला मात्र राव विठोबाची तसबीर घेऊन अख्ख्या मंडळीसह चावडीत हजर!

"झांजेवांचून एकादशीचें भजन कैसें होईल?" ते सेतुरामांना म्हणाले.

भजन रंगले. रंगा मध्येच झांज फार जोराने वाजवी. ताल चुकतोय, असे सेतुरामांना वाटले. मग त्यांच्या ध्यानात आले, की शीळ निघणार तिथेच झांज कडाडते आणि शीळ कुणालाच ऐकू येत नाही.

राव डोळे मिटून गात होते. गाता गाताच त्यांनी रंगाच्या खांद्यावर हात ठेवला.