दादाच्या आवाजाची प्रत

बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन कुणी माझ्या दुकानात आलं की मी आधी त्याला झापतो. प्रत कुठाय? हे सगळं दुसरीकडे कुठे ठेवलंय का? नाही ना? मग आता कशाला तोंड पाडून बसलाय? बावीस वर्षं माझं हे नाकाने कांदे सोलणं चाललंय. काउंटरमागे पाटीच लावली आहे : 'आधी प्रत, मग दुरुस्ती.' ती माझ्या थोरल्या भावाने रंगवून दिली. पाट्या रंगवणं हाच दादाचा धंदा, आणि त्याचं अक्षर म्हणजे बघत राहावं असं.

दादाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या कुणाशी तो लिहून बोलला असता, त्याला काय अवघड होतं? पण आमच्या आईचे दोन्ही डोळे नऊ वर्षांपूर्वी गेलेत. ती माझ्याकडे असते. दादा रोज कामावरून येताना तिच्याजवळ अर्धा तास टेकायचा. विशेष काही नाही, आज कुठली पाटी रंगवली, मालक किती चिक्कू निघाला, कुणाला आपल्याच नावातली चूक कळली नाही. आई दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट बघायची. तिच्यासाठी दादा म्हणजे दादाचा आवाज, दुसरं काही नाहीच.

मग मी एक प्रोग्राम शोधून काढला. माणसाने आधी आपल्या आवाजात भरपूर वाक्यं वाचून ठेवायची. त्यातून तो प्रोग्राम त्याचा आवाज घडवतो. पुढे आपण काहीही टाइप करायचं, ते त्या आवाजात ऐकू येतं. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे दादाने त्याच्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून चौदाशे वाक्यं वाचली. घसा सोलवटलेला, मधूनच थुंकीत रक्त. आणि वाक्यं तरी कसली! 'निळ्या पेटीला सात कुलपं आहेत.' 'मांजर पुलाखालून धावलं.' दादा वैतागायचा. "ह्यात आईशी बोलण्यासारखं एक तरी आहे का रे?" मी म्हणायचो, "तू नुसता वाच. अक्कल नंतर टाइप कर."

ऑपरेशन झालं. दादा घरी आला. आवाज घडवायला घेतला, तर प्रोग्राम म्हणाला, मेमरी कमी पडते आहे. त्यात काय एवढं? मी मेमरीची नवी पट्टी आणली, जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत बसवली, अंगठ्यांनी दाबली, टक्क वाजलं. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "भावोजी, निळा पडदा आला आणि बंदच पडलं. अर्ध्यावर आलं होतं हो."

गेलो. दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, परत बसवल्या. चाललं. संध्याकाळी पुन्हा बंद. खाचांची अदलाबदल केली. दीड दिवस चाललं, पुन्हा बंद. मेमरीची चाचणी लावली. पहिली फेरी स्वच्छ पार पडली, तशी मी ती थांबवली. खरं तर चार-पाच फेऱ्या होऊ द्यायच्या असतात, गिऱ्हाइकाला मी तेच सांगतो. पण पट्टी नवी कोरी, मी स्वतः पाकिटातून काढलेली. ती कशी खराब असेल? दोष नक्की जुन्या विंडोजचा, असं मी छातीठोक सांगून टाकलं. सगळं पुसू, नव्याने टाकू.

दादाने हातातल्या शाळकरी पाटीवर खडूने लिहिलं, 'माझी वाक्यं?'

"अरे, तुझा भाऊ धंद्यात कशासाठी आहे?" मी म्हणालो. "आधी प्रत."

आणि घेतली की प्रत. चौदाशे फायलींचं दाबून एकच गाठोडं केलं, बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. पूर्ण झाल्याची हिरवी खूण आली. मग मशीन धुऊनपुसून साफ केलं आणि विंडोज पहिल्यापासून टाकायला घेतलं. ते टाकता टाकताच निळा पडदा आला.

जुनं काहीच उरलं नव्हतं, मग आता दोष कुणाचा? नवी पट्टी उपटून काढली. मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं. ती पट्टी दुकानातल्या मशीनला लावून चाचणी पूर्ण होऊ दिली. तिसऱ्या फेरीत चुकांच्या लाल ओळींची रांग लागली.

कॉम्प्युटरमध्ये जे जे इकडून तिकडे जातं, ते मेमरीवरूनच जातं. प्रतसुद्धा. मी गाठोडं बांधत होतो तेव्हा ती पट्टी मधूनच एखादा आकडा बदलत होती, मुकाट्याने. आणि असल्या गाठोड्यात एक आकडा चुकला की त्याच्या पुढचं काही उघडत नाही. मी उघडून बघितलं. सात वाक्यं निघाली. आवाज घडवायला निदान तीनशे लागतात.

दुसरी प्रत नव्हती. घरचंच काम, करू निवांत, म्हणून राहून गेली. गेलेल्या फायली परत काढणाऱ्या एका माणसाकडे कॉम्प्युटरमधली डिस्क नेली. त्याने चार दिवस ठेवून घेतली आणि मान हलवली. वरून नवं लिहिलं गेलंय म्हणाला. जुने व्हिडिओ धुंडाळले. दादा मुलखाचा अबोल, चारचौघांत तोंड उघडायचं नाही. सगळ्यात मिळून एक खोकला आणि दोनदा 'झालं का?'

शेवटी दादाला सांगायला गेलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तो ऐकत होता. मग त्याने लिहिलं, 'किती वाचली?'

"सात."

त्याने पुसलं, पुन्हा लिहिलं. 'मांजर वाचलं का?'

मला हसू नाही आलं. मी तिथेच ढसाढसा रडलो. वहिनी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पुसण्याआधी एकदा उघडून बघायचं होतं, भावोजी." त्यांचं काय चुकलं?

प्रोग्रामबरोबर एक तयार आवाज फुकट येतो. बँकेत फोन लावल्यावर बोलतो तसला, गोड आणि शुद्ध. काहीच नसण्यापेक्षा बरा, म्हणून तो मी दादाच्या फोनवर टाकून दिला. रविवारी सकाळी दादा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आमच्याकडे आला, आईच्या पलंगावर टेकला. तिने त्याचा हात चाचपून धरला.

"आई, दादाचा आवाज गेला ना, आता तो फोनमधून बोलेल," मी म्हणालो. "आवाज निराळा आहे, पण बोलणारा तोच."

"कळतं रे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दादाने फोन मांडीवर ठेवून एका बोटाने टाइप केलं. फोन म्हणाला, "आई, जेवलीस का?"

आई जरा सावरून बसली. मान त्या आवाजाकडे वळवून म्हणाली, "हो, आत्ताच. तुम्ही जेवलात?"

दादाने माझ्याकडे बघितलं. पुन्हा टाइप केलं. "आई, मीच आहे."

"हो, हो," आई म्हणाली. बाहेरच्या माणसाशी बोलताना तिचा आवाज असाच होतो. मग तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "त्यांना बाहेरच्या खोलीत बसव ना जरा. हा परक्यांसमोर बोलत नाही, माहीत आहे ना तुला?"

दादाचा हात तिच्याच हातात होता. त्याने दुसऱ्या हाताने फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि बाहेर आलो. दार पुरतं लागलं नव्हतं, आतलं ऐकू येत होतं.

"गेले ते," आई म्हणत होती. "बोल आता."