मटकीच्या पंच्यातले पाच दाणे

मी एक जुना पंचा आहे, मित्रांनो. माझी एक कड उसवली आहे, आणि मध्यभागी केसाएवढा एक पांढरा धागा अडकला आहे, जो माझ्या विणीचा नाही. तो कुठून आला हे तुम्हाला सांगायचे आहे. आधी माझी ओळख करून देतो.

माझा जन्म इचलकरंजीच्या एका यंत्रमागावर झाला. सुलेखाच्या आईने मला बाजारातून आणले, दोनदा धुऊन माझी खळ काढली आणि सुलेखा जर्मनीला निघाली तेव्हा दोन किलो मटकी माझ्यात बांधून दिली. बॅगेचे वजन जास्त भरले, तेव्हा विमानतळावर चपलांचा जोड बाहेर निघाला. मटकी राहिली आणि तिच्यासोबत मीही राहिलो.

कायझर्सलाउटर्न या गावात आम्ही आलो त्याला आता अकरा वर्षे झाली. सुलेखा इथल्या एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, काम करते. तिचा नवरा भास्कर सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातून दोन दिवस पहाटेच्या गाडीने मानहाइमला जातो. मुलगी अन्वी सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळे कळते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. चौथी खोली अनिमेषकडे आहे. हा नागपूरचा मुलगा विद्यापीठात पीएच.डी. करतो आणि गेली दोन वर्षे पोटभाडेकरू म्हणून राहतो.

या थंड देशात मटकीला मोड येत नाहीत, अशी सर्वांची तक्रार असे. सुलेखाने त्यावर उपाय शोधला होता. भिजलेली मटकी माझ्यात घालायची, चारही टोके एकत्र पिळून खाली खोचायची आणि ते गाठोडे ओव्हनमध्ये ठेवायचे. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. त्या दिव्याच्या उबेत दीड दिवसात मोड माझ्या विणीतून बाहेर डोकावत. शाळेत जाण्यापूर्वी अन्वी ओव्हन उघडे, खोचलेले टोक ओढे आणि मूठभर कच्चे मोड तोंडात टाकून पळे. तो तिचा नेम होता. अनिमेष उसळीचा इतका भक्त होता की माझी धुलाई त्याने स्वतःकडे घेतली होती. "ताई, पंचा मी धुतो, तुम्ही रस्सा जास्त करा," असे तो म्हणे. तो मला पिळत नसे. झटकून, चारही कोपरे सरळ करून हीटरवर पसरवी. माझे आयुष्य वाढले असेल तर त्याच्या हातांमुळे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मला वेगळ्याच हातांनी उचलले. घरात भास्करखेरीज कोणी नव्हते. त्याने वाटीतून तीन दाणे माझ्यावर ओतले. मित्रांनो, मी मटकी ओळखतो, मूग आणि हरभराही ओळखतो. हे दाणे राखाडी होते आणि त्यांवर लाव्याच्या अंड्यासारखी तपकिरी नक्षी होती. तीन दाण्यांसाठी एवढा मोठा पंचा कशाला, असा प्रश्न मला पडला. त्याने दोनदा दाराकडे पाहिले, तेव्हा मनात पहिली शंका आली. जे काम चांगले असते ते करताना माणूस दाराकडे पाहत नाही, असे मला तेव्हा वाटले. आता वाटते की लाजणारा माणूसही दाराकडे पाहतो.

ते गांजाचे बी होते. या देशात आता प्रौढ माणसाला स्वतःच्या घरात तीन रोपे वाढवता येतात. अट अशी की ती मुलांच्या हाती लागता कामा नयेत. भास्करच्या एका सहकाऱ्याने त्याला पाच बियांचे पाकीट दिले होते, दोन वेगळ्या वाणांच्या संकराचे. त्याला त्याची नशा हवी होती असे मला वाटत नाही. पाठदुखीने त्याची झोप गेली होती, आणि बाल्कनीतल्या टोमॅटोनंतर नवे काही लावून पाहण्याची हौसही होती. खरे कारण किती पाठीचे आणि किती हौसेचे, हे त्यालाही सांगता आले नसते.

बी रुजवायचे म्हणजे काय, हे त्याला एकाच प्रकारे ठाऊक होते. त्याने ते मटकीसारखे रात्रभर भिजवले, मटकीसारखे माझ्यात बांधले, आणि मटकीसारखे लांब मोड यावेत म्हणून चार दिवस ठेवले. त्यासाठी गाठोडे त्याने सामानाच्या खोलीत हीटरवर लपवले. मटकीचा मोड माझ्या विणीत अडकून तुटला तर कोणाचे काही बिघडत नाही, तो शेवटी कढईतच जातो. पण हा मोड म्हणजे रोपाचे मूळ होते. भास्करने दाणे उचलले तेव्हा दोघांची मुळे माझ्यातच तुटली. तिसरा दाणा वाचला. एका मुळाचा तुकडा माझ्यात राहिला, तोच हा पांढरा धागा.

वाचलेले रोप सामानाच्या खोलीत कुंडीत लागले. त्यावर दिवा आला, बारीक घूं करणारा पंखा आला, आणि त्या खोलीला कुलूप लागले. "ऑफिसची कागदपत्रं आहेत. डाटेनशुट्स," असे भास्करने सांगितले. गोपनीयतेचा नियम म्हटला की या देशात पुढे कोणी विचारत नाही. सुलेखानेही विचारले नाही, पण त्या दारापाशी तिची पावले मंद होऊ लागली. दाराच्या फटीतून भर दुपारी उजेड दिसे. विजेचा दिवा दुपारी कशाला, हे ती मनातल्या मनात विचारी. घरात एक न विचारलेला प्रश्न राहायला आला की तो सगळ्यांच्या जागा व्यापतो.

मार्चमध्ये भास्करने उरलेले दोन दाणे काढले. या वेळी तो घाईत होता. सोमवारी संध्याकाळी त्याने मला बांधून ओव्हनमध्ये ठेवले. सुलेखाने त्या आठवड्यात मटकी भिजवली नव्हती, म्हणून ती ओव्हन उघडणार नाही, हे त्याला माहीत होते. मंगळवारी पहाटे तो मानहाइमच्या गाडीने गेला. अन्वी मात्र रोज ओव्हन उघडते, हे तो विसरला.

अन्वीने टोक ओढले. ते सुटेना. "मामा, गेट निष्ट आउफ," म्हणजे आई, हे उघडत नाही, असे म्हणत तिने गाठोडे आईपुढे धरले. सुलेखाने नखाने गाठ ओढली, काट्याचे टोक घातले, पुन्हा ओढली. तिचे नख मोडले तेव्हा गाठ सुटली. तिने माझी घडी उलगडली आणि अन्वीने सवयीने एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"श्मेक्ट निष्ट," म्हणजे चव चांगली नाही, असे म्हणून तिने तो लगेच थुंकला.

सुलेखाने तळहातावरचे ते नक्षीदार टरफल पाहिले, फोनवर त्याचे चित्र शोधले आणि ती खुर्चीत बसली. मग तिने विषबाधेच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितले की एका थुंकलेल्या बीने घाबरण्यासारखे काही नाही, पाणी पाजा, दिवसभर लक्ष ठेवा. सुलेखाने तीनदा आभार मानले. तिचा आवाज स्थिर होता. माझे टोक तिच्या मुठीत होते आणि फोन संपला तरी तिने ते सोडले नाही. ती दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळते. तिच्याच घरात, तिच्याच मुलीच्या तोंडात हे गेले, ही गोष्ट किटामध्ये किंवा बालकल्याण खात्यात कळली तर काय होईल, याची भीती तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

भीतीला लगेच एक चेहरा हवा असतो. घरात परका एकच होता.

अनिमेषचे दार नेहमीप्रमाणे उघडे होते. तो प्रबंधाचे पान छापून वाचत होता. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते.

"हे ओव्हनमध्ये तू ठेवलंस," सुलेखा म्हणाली.

अनिमेषने दाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अन्वी ठीक आहे ना, ताई?"

"ती ठीक आहे. तुझं बोल. आल्यावर पहिल्या दिवशी नियम सांगितले होते ना? घरात असलं काही चालणार नाही म्हणून?"

"सांगितले होते. भास्करदादांनीच सांगितले होते."

"मग?"

"खोली बघा तुम्ही," तो म्हणाला. "दार उघडंच आहे."

आणि तिने खोली पाहिली. कपाट पाहिले, पुस्तकांच्या मागे हात घातला, त्याच्या आईने पाठवलेला संत्र्याच्या बर्फीचा डबा उघडून हुंगला. अनिमेष भिंतीला टेकून उभा होता. काही सापडले नाही. पण संशयाची रीत अशी की काही सापडले तर तो खरा, आणि न सापडले तर समोरचा हुशार. "महिनाअखेर खोली रिकामी कर," असे सांगून ती निघाली.

विद्यापीठाच्या गावात महिनाअखेर खोली मिळत नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

संध्याकाळी भास्कर आला. सुलेखाने सगळे सांगितले. तो आधी अन्वीच्या खोलीत गेला आणि तिच्याशेजारी बराच वेळ बसला. त्याने तिच्या कपाळाला हात लावला. त्या वेळी त्याने खरे बोलायला हवे होते, मित्रांनो, आणि मला वाटते तो बोलणारही होता. पण स्वयंपाकघरात अनिमेष पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता, सुलेखा नवऱ्याकडे पाहत होती, आणि भास्करच्या तोंडून निघाले, "हो... नियम म्हणजे नियम, अनिमेष. आधीच सांगितलं होतं."

अनिमेषने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि ग्लास धुऊन जागेवर ठेवला. त्यापुढे त्याने माझी धुलाई केली नाही. सुलेखाने मला तीनदा उकळले. तो पांढरा धागा निघाला नाही.

पाच दिवस घर कुजबुजत राहिले. सुलेखा मीठसुद्धा हुंगून घेई. अन्वीला ओव्हनला हात लावायची बंदी झाली. दोन खोकी अनिमेषच्या खोलीबाहेर आली. भास्कर त्या खोक्यांना वळसा घालून जाई.

रविवारी सुलेखाने पुन्हा मटकी भिजवली होती. तिचे हात भाकरीच्या पिठाने माखलेले होते. "अहो, मटकी तेवढी बांधा पंच्यात," ती म्हणाली. भास्करने बांधली. त्याचा विचार दुसरीकडे होता आणि हात आपल्या सवयीने चालले. त्याच्या वडिलांचे सांगलीत हळदीचे दुकान होते. पोत्याचे तोंड आवळतात तसे त्याने माझ्या गळ्याशी दोन वेढे दिले, टोक खालून काढले आणि करकचून ओढले.

सुलेखाने ओव्हनमध्ये ठेवण्यासाठी गाठोडे उचलले. तिच्या अंगठ्याचे मोडके नख त्या गाठीवर टेकले. मंगळवारची गाठ अशीच होती. तिने गाठ सोडून पाहिली नाही. ती सुटणार नाही, हे तिला माहीत होते.

"त्या खोलीची चावी द्या," ती म्हणाली.

"सुलेखा, मी सांगणारच होतो."

"चावी."

खोली उघडली. दिव्याखाली हातभर उंचीचे, दाट पानांचे रोप उभे होते, निर्मळ आणि हिरवेगार. त्याच्याकडे पाहून कोणाला राग आला नसता. सुलेखाने त्याच्याकडे फार वेळ पाहिले नाही.

"कायद्यात बसतं गं," भास्कर म्हणाला. "तीनपर्यंत."

"कायद्याला चालत असेल. मला चालतं का, हे विचारायचं होतंत. आणि कुलूप या खोलीला लावलंत, बी ठेवलंत ओव्हनमध्ये." ती थांबली. "त्या पोराची बर्फी मी हुंगली, अहो. तुम्हाला ठाऊक असताना."

भास्कर अनिमेषच्या दारापाशी गेला. दार बंद होते. दोन वर्षांत त्या दारावर टकटक करण्याची वेळ प्रथमच आली. मी सुलेखाच्या हातात तसाच, गाठीसकट होतो.

भास्करने सगळे कबूल केले. वाक्ये तुटत होती, पण त्याने एकही वगळले नाही. अनिमेषने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला माहीत होतं, दादा. माझी भिंत त्या खोलीला लागून आहे. पंखा ऐकू येतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" सुलेखाने विचारले.

"काय बोलणार? तुमच्या घरात तुमच्या नवऱ्याचं नाव मी घ्यायचं?" त्याने खाली पाहिले. "आणि तुम्ही विचारलं नव्हतंत, ताई. तुम्ही सांगितलं होतंत."

सुलेखाने माफी मागितली. भास्करनेही मागितली. खोकी आत गेली. प्रबंध होईपर्यंत राहायचे असे ठरले, आणि तो राहिला. रोपही राहिले. आता त्याची चावी सुलेखाच्या गळ्यातल्या साखळीत असते आणि बी किंवा पान त्या खोलीबाहेर येत नाही.

माझी मात्र मटकीची नोकरी गेली. सुलेखाने मोडांसाठी जाळीचा डबा आणला. मी त्या सामानाच्या खोलीत खिळ्याला असतो. भास्कर कुंडीखालचे पाणी माझ्याने पुसतो आणि मला पिळून टांगतो. कोपरे कोणी सरळ करत नाही. या खिळ्यावरून मला रोज सकाळी दोन कुलुपांचे आवाज येतात. एक या खोलीचे. ते कायद्याने सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. दुसरे भिंतीपलीकडचे, अनिमेषच्या खोलीचे. ते लावायला कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी जे मुलांच्या हाती पडू नये, ते खरोखरच कुलपात ठेवा; अर्ध्या दिवसासाठीही बाहेर विसरू नका. आणि कोणावर संशय आला, तर त्याच्या उघड्या दारात जाऊन आधी प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला तीनदा उकळले तरी हा धागा निघाला नाही. अनिमेष परवा चहा घ्यायला बाहेर आला, सुलेखाशी हसून बोलला, आणि खोलीत परत जाताना त्याने कडी लावली.