दुसऱ्या नावाची जागा

वैशालीने लाकडावर चित्रं जाळायला घेतली तेव्हा रघूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाटलं होतं की ही महिन्याभराची हौस आहे. त्याआधी केकचा क्लास झाला होता आणि मेंदीचाही. पण हे टिकलं. विजेवर तापणारं पेन, त्याची बदलायची पितळी टोकं आणि वखारीतून घासाघीस करून आणलेल्या शिवणीच्या लाकडाच्या फळ्या, एवढ्यावर तिने नारपोलीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत आपलं टेबल थाटलं. घरातल्या पडद्यांना कायमचा जळक्या लाकडाचा वास लागला. आता त्यांच्या गल्लीत निम्म्या दारांवरच्या पाट्या तिच्या हातच्या होत्या, आणि खाली कापडाचे लूम चालवणाऱ्या महमूदभाईंनीसुद्धा आपल्या कारखान्याचं नाव तिच्याकडूनच करून घेतलं होतं.

म्हणून पुतणीचं लग्न ठरल्यावर हळदीच्या मांडवात लावायची फळी दुसरं कोण करणार? उन्नती ही रघूच्या थोरल्या भावाची, महादूची, एकुलती एक मुलगी. वडप्याला राहायची, घराजवळच्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात हिशेब बघायची. साखरपुड्याच्या दिवशीच तिने फर्मान सोडलं होतं, "काकी, मला बाजारातला थर्माकोल नको. तुझ्या हातचं पाहिजे."

वैशालीने जीव ओतला. वखारवाल्याकडे दोनदा जाऊन रुंद, बिनगाठीची फळी मिळवली. तिच्यावर मांडव काढला, मांडवात पाटावर बसलेली नवरी, आणि तिच्यापुढे सूप घेऊन धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गाणारी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही, तेव्हा तिचे उघडे ओठ आणि गळ्याच्या शिरा वैशालीने बारीक टोकाने, श्वास रोखून जाळल्या. कडेने उंबराची पानं. सगळ्यांत खाली नावं. "उन्नती आणि" एवढं उमटलं होतं. पुढची जागा मोकळी होती.

ती मोकळी राहिली होती एका वेलांटीपायी.

नवऱ्या मुलाचं नाव प्रितेश. आता यातला 'प्रि' ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, हे वैशालीने उन्नतीला फोनवर विचारलं होतं. कागदावरचं खोडता येतं, लाकडावर जाळलेलं कुठे खोडणार? उन्नती म्हणाली, "विचारून सांगते." चार दिवस गेले. वैशालीने परत विचारलं. "अगं हो, विसरलेच. सांगते." मग पत्रिका छापून आल्या. वैशालीने फोन केला, "आता पत्रिकेत बघूनच लिहिते बाई." तर उन्नती घाईने म्हणाली, "नको काकी, थांब. पत्रिकेत चुकलंय बहुतेक."

वैशालीला ते खरं वाटलं आणि ती थांबली. पण जेवताना तिने सहज रघूपाशी विषय काढला तर तो म्हणाला, "चुकलं कसं असेल? मुलाच्या बापाने स्वतः तपासून दिलंय. मी होतो तिथे."

त्यानंतर वैशालीला जेवण गोड लागलं नाही. पोरगी खोटं बोलली होती आणि तेही एका वेलांटीवरून.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा एका शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर उन्नती नारपोलीला आली. ब्लाऊजचं माप द्यायला आलेय म्हणाली, पण माप देऊन झाल्यावरही उठेना. गॅलरीत टेबलापाशी स्टुलावर बसून राहिली. एरवी ही पोर घरात शिरली की तिची टकळी चालू व्हायची. त्या दिवशी मात्र खालच्या लूमची खडखड तेवढी ऐकू येत होती. दर दोन मिनिटांनी तिचा मोबाइल वाजायचा, आणि ती बघून काहीतरी टाइप करायची.

वैशालीने पेनचं बटण चालू केलं. टोक तापेपर्यंत पत्रिका उभी करून ठेवली आणि म्हणाली, "हे बघ, आता फक्त नाव राहिलंय. ते झालं की पानांना थोडी सावली, मग तेलाचा हात, की काम संपलं. पत्रिकेत आहे तसं लिहिते."

"काकी, आज नको."

"मग कधी? तेल वाळायला दिवस लागतात."

तिने पेन टेकवायला हात खाली नेला आणि उन्नतीने तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच. पेन घसरलं, 'आणि'च्या पुढे तपकिरी ओरखडा उमटला आणि वैशालीच्या बोटाला चटका बसला.

वैशालीने आधी पेन बंद केलं, बोट नळाखाली धरलं, आणि परत येऊन स्टूल ओढून उन्नतीच्या समोर बसली.

"वेलांटीचं काय ते खरं सांग," ती म्हणाली.

उन्नतीने मोबाइल तिच्या हातात दिला. "हे वाच."

स्क्रीनवर प्रितेशचे निरोप होते. कुठे आहेस. कोण आहे बरोबर. फोटो पाठव. नुसत्या टेबलाचा नको, काकी दिसली पाहिजे. इतका वेळ का लागतो. त्याखाली उन्नतीने पाठवलेला फोटो होता. वैशालीच्या नकळत काढलेला, फळीवर वाकलेल्या वैशालीचा.

"रोजचंच आहे," उन्नती म्हणाली. "आधी मला बरं वाटायचं, आपली कुणी एवढी काळजी करतं म्हणून. मग एक दिवस ऑफिससमोर गाडी लावून बसला. तासभर. मी कोणाबरोबर बाहेर पडते ते बघायला. विचारलं तर हसला. मागच्या आठवड्यात माझ्या मोबाइलमधून भाविकचा नंबर काढून टाकला."

"भाविक म्हणजे तुझ्या मामाचा?"

"हो. लहानपणापासून एका ताटात जेवलोय आम्ही. मी म्हटलं, अरे भाऊ आहे माझा. तर म्हणतो, लग्नानंतर एवढे भाऊ लागणार नाहीत." तिने फळीवरच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "काकी, तू नाव लिहिलंस की झालंच असं मला वाटत होतं. वेडेपणा आहे, पत्रिका तर गावभर गेल्यात. पण हे एवढं राहिलंय तोवर काहीतरी राहिलंय असं वाटायचं."

"घरी कोणाला बोललीस?"

"कसं बोलू? बाबांनी हॉल घेतला, डीजे सांगितला, अख्ख्या गावाला आवतण गेलं. बाबा मरतील."

वैशालीला महादूदादांचा स्वभाव ठाऊक होता. तापट नव्हते, पण शब्दाला जपणारा माणूस. दिलेला शब्द मागे घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण समोरच्या पोरीचा चेहरा तिने नीट पाहिला. डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि साखरपुड्याला घट्ट बसलेली अंगठी आता बोटात फिरत होती. तिने स्कूटीची चावी घेतली.

"चल. मी बोलते. तू नुसती बस माझ्या शेजारी."

हायवेला कंटेनरची रांग लागली होती. वडप्याला पोचेपर्यंत दोघींचे चेहरे धुळीने माखले. घरासमोर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. महादू ओटीवर खुर्ची टाकून कोणाला तरी फोनवर जेवणाचं सांगत होते. वैशालीची जाऊ, जिला सगळे आक्का म्हणत, आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"दादा, फोन ठेवा," वैशाली म्हणाली. एवढ्या वर्षांत ती दिरांशी अशी बोलली नव्हती. महादूंनी फोन ठेवला.

तिने सगळं सांगितलं. शब्द शोधत बसली नाही. गाडीचं, फोटोचं, भाविकच्या नंबराचं, जसं ऐकलं तसं. उन्नती खाली मान घालून बसली होती. सांगून झाल्यावर महादू उठले आणि पायऱ्या उतरून अंगणात गेले. बांबूंच्या ढिगाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. एक बांबू पायाने सरळ केला. ओटीवर तिघी बायका नुसत्या बघत राहिल्या. वैशालीला वाटलं, आपण घर मोडलं. आधी रघूला तरी विचारायला हवं होतं.

महादू परत आले ते थेट मुलीसमोर उभे राहिले.

"त्यानं हात उचलला का तुझ्यावर?"

"नाही बाबा."

"न्हाय ना? मंग उचलंपर्यंत थांबायचं न्हाय आपण."

उन्नतीने मान वर केली. तिला कळलंच नाही बहुतेक, कारण ती म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे लगीन न्हाय करायचं." महादू खुर्चीत बसले. "मना एक सांग. तुला पसंत न्हवता तं हो कशाला बोललीस?"

"तुम्हाला पसंत होता म्हणून."

"मना?" महादू बायकोकडे वळले. "मना वाटलं हिला आवडलाय."

आक्काने तांदळाचं सूप बाजूला सारलं. "मी बोल्ले न्हवते तुमाला? त्यो पोरगा घरात आला की आपली पोर मुकी होते. तुमी काय बोल्लात? लाजते. ही लाजते? ही? शाळेत बाई सांगायच्या, हिला जरा गप बसवा."

यावर उन्नती हसली. हसता हसता रडू लागली, आणि मग तिला थांबवता येईना. आक्काने तिचं डोकं मांडीवर घेतलं. महादू पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात पाणी नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. मध्यस्थाला बोलावलं. मुलाकडचे दोन गाड्या भरून आले. आवाज चढले. त्यांच्यातला एक काका म्हणाला, पोरीचं दुसरीकडे काही असणार. महादू शांतपणे म्हणाले, "असल तं ते बी घरातच सांगल ती. आता तिला ठाव झालाय, घरात सांगता येतं." अंगठी, शालू, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने परत केलं. ज्यांच्या घरी पत्रिका गेल्या होत्या तिथे रघू आणि महादू दोघे भाऊ एकेक दार करत हिंडले. काही दारांत चहा मिळाला, काही दारांत नुसती चुकचुक. प्रितेशचे फोन आठवडाभर येत राहिले. एकदा महादूंनीच घेतला आणि काय बोलले कोण जाणे, त्यानंतर आला नाही.

फळी वैशालीने कपाटामागे तोंड फिरवून ठेवली होती. ती बघवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. त्यानंतरच्या रविवारी सकाळी उन्नती आली आणि आल्या आल्या म्हणाली, "फळी कुठेय? पूर्ण कर ना."

"कशाला आता?"

"माझ्या खोलीत लावायचीय. एवढी धवलारीण केलीस ती काय कपाटामागे गाणार?"

फळी टेबलावर आली. दोघी तिच्यावर वाकल्या. 'उन्नती' ठीक होतं. पुढचं 'आणि' मात्र खोल जळलं होतं आणि त्याच्यापुढे तो तपकिरी ओरखडा. वैशालीने पातीने खरवडून पाहिलं, पॉलिश पेपर घासला. ओरखडा पुसट झाला, अक्षरं हलेनात.

"आणखी घासलं तर खड्डा पडेल," ती म्हणाली.

"मग त्याच्यावर काहीतरी काढ."

वैशाली थोडा वेळ कडेच्या पानांकडे बघत राहिली. पानं होती, पण उंबर कुठे होते? उंबराला फळं येतात ती खोडालाच, घोसाने, एकाला एक चिकटून. तिने पेन तापवलं, गोल टोक बसवलं आणि 'आणि'वर पहिलं फळ गिरवलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. काना फळाच्या पोटात गेला, वेलांटी देठ झाली. कडेची फांदी तिने खाली ओढून आणली आणि मोकळ्या जागेवरून पलीकडच्या कडेपर्यंत नेली. ओरखड्यावर एक मुंगळा बसवला. उंबरावर मुंगळे असतातच.

"आणि ही पाटावरची नवरी?" तिने विचारलं. "हिचं काय करू?"

"बसू दे तिला. कधीतरी होईलच की लग्न." उन्नती स्टुलावर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा खात होती. "भाविक म्हणत होता, पुढच्या वेळी मुलगा बघायला तो येणार आहे. आधी त्याचा मोबाइल तपासणार."

सावलीचं काम झाल्यावर वैशालीने जवसाचं तेल काढलं. जुन्या सुती ओढणीचा बोळा बुडवून फळीवर फिरवला. सुकं, पांढुरकं लाकूड बोळ्यामागे मधासारखं होत गेलं आणि जळलेल्या रेषा गडद झाल्या. धवलारणीच्या गळ्यातली शीर आता कुठे दिसली. वैशालीला बरं वाटलं. "हे बघ, कसं उठून आलं," असं म्हणत तिने मागे पाहिलं.

उन्नती आत सोफ्यावर आडवी झाली होती. तोंड थोडं उघडं, एक पाय खाली लोंबकळलेला, मुठीत शेंगांची टरफलं. खाली रविवारचीही शिफ्ट चालू होती, सगळे लूम धडाडत होते, आणि पोर बारीकसं घोरत होती. वैशालीने तिचा पाय उचलून वर ठेवला. तरी ती हलली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. महादू होते.

"पोचली का गो?"

"मघाशीच. झोपलीय."

"या टायमाला?" पलीकडे दूर कोणाला तरी सांगितल्यासारखं ऐकू आलं, "झोपलीय बोलते." आणि आक्काचा आवाज, "उठवू नको सांग तिला."

"उठवू नको," महादू फोनमध्ये म्हणाले. "आमी येतो संध्याकाळी न्यायला. मासली आणतो. कालवण तू कर."

वैशालीने फोन ठेवला, बोळा धुऊन वाळत टाकला आणि चिंच भिजत घातली.