आता रेवास चालेल

"रेवास सगळ्यात शेवटी, पोरी. आधी मांस शिजू दे, पुदिना तुपात परतून पडू दे, मग देठ घाल. आणि त्यानंतर डाव फिरवायचा नाही, लगदा होतो."

सासूला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी चुलीशी उभी राहिली की नश्मीलला तिचा आवाज ऐकू येई. आज तिने देठ घातले आणि डाव बाजूला ठेवला.

सालेहची मूत्रपिंडं गेल्यापासून या घरात रेवास शिजला नव्हता. डॉक्टरांनी पथ्य सांगताना पहिलं नाव त्याचंच घेतलं होतं. डोंगरावरचं बर्फ मागे सरलं, की मरीवानच्या चौकाचौकांत त्या लालसर आंबट देठांच्या हातगाड्या लागत. नश्मील नवऱ्याला मागच्या गल्लीने डायलिसिसला नेई. ती नवस बोलली होती, 'अल्लाह, ह्यांना रेवास खायला मिळू दे. तोवर मी तोंडात घालणार नाही.' सोमवार-गुरुवारचे रोजेही ती त्याच्यासाठीच धरी.

सालेहने मात्र वेगळीच वाट काढली होती. शेजारच्या खुर्चीवर रहमान असे, एकटा जीव, त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. सालेहला तो 'काक' म्हणे, म्हणजे दादा. दोघांच्या हातांत नळ्या लागल्या, की तोंडी स्वयंपाक सुरू.

"काक सालेह, आज काय शिजवायचं?"

"आज अंड्यात. देठ चिरून तुपात टाकायचे, मऊ पडले की वर अंडी फोडायची."

"अंड्यात? तुमच्या गावी गाढवांना तसा घालतात वाटतं! माझा ऐक, कच्चा. साल सोलायची, मीठ लावायचं, आणि झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून खायचा."

"म्हणजे तुला चूल पेटवता येत नाही, असं सरळ सांग ना!"

"गप्प बसा हो दोघं," नर्स ओरडे, "मला भूक लागते!"

कधी सरबत होई, कधी मुरंबा. नश्मील कोपऱ्यात तसबीहचे मणी ओढत ऐके आणि चादरीआड हसे.

परवा डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. "हृदयाला आता हे यंत्र झेपत नाही, आई. घरी न्या त्यांना. काय हवं ते खाऊ द्या."

"रेवाससुद्धा?"

"हो. आता रेवास चालेल."

"अल्हम्दुलिल्लाह," सवयीने तिच्या तोंडून आभार निघून गेले. डॉक्टरांनी मान खाली घातली, तेव्हा तिला कळलं. मागितलं होतं तेच मिळालं होतं. बोल तरी कुणाला लावणार?

आज रेवास शिजला तशी तिने वाटी नेली. सालेहला दोन चमचे रस गेला, तिसरा ओठांवरून ओघळला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"तुमची जीभच बिघडलीय."

"तू खा."

तिने खाल्लं. मीठ खरंच कमी होतं.

"रहमान विचारील," तो म्हणाला. "मी मेलो, ते त्याला नर्सकडून कळेलच. मी खाल्लं, ते तू सांग. कसं केलंस, सगळं सांग. मिठाचंही. सांगशील ना?"

"सांगेन."

पहाटेच्या अजानेआधी तो गेला.

मातमाला आलेली माणसं पांगली, आणि सोमवारी, डायलिसिसच्या वारी, सकाळी नश्मीलने काळी चादर अंगावर घेतली. नणंद गोलाले दारात आडवी आली.

"वहिनी, इद्दतीला बसलीयेस तू, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं! लोक काय म्हणतील? कुठे निघालीस?"

"दवाखान्यात."

"आता कोण आहे तिथे आपलं?"

नश्मील जन्मात कधी नेमाबाहेर गेली नव्हती. तिने क्षणभर डोळे मिटले.

"दिवसाउजेडी गरजेपुरतं जाता येतं, गोलाले. अंधार पडायच्या आत येते."

"कसली गरज, ते तरी सांग!"

नश्मीलने वाकून बूट चढवले. सोबत डबा घ्यायचा नव्हता. रहमानला तो चालला नसता. रिकामे हात चादरीत घेऊन ती बसच्या थांब्याकडे चालू लागली.