फाइलमधले घुंगरू

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये समरजित शिर्के चार दिवस कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून होते. अडीचशे सीडींमधली गाणी पेनड्राइव्हवर घेऊन कपाट रिकामं करायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. पण काम एका लावणीच्या सीडीवर अडलं. फाइलमध्ये घुंगरांचा आवाज येत नव्हता. त्यांनी सीडी पुसली, सेटिंग बदललं, पाच वेळा नव्याने फाइल केली. ढोलकी येई, गाणारीचा आवाज येई, घुंगरू मात्र नाहीत. ते उठून येरझारा घालू लागले.

"मांडवीच्या बाजारातून नवा सीडी ड्राइव्ह आणतो. हा अर्धंच गाणं उचलतोय."

त्यांची मुलगी वैष्णवी ऑफिसला निघाली होती. ती दारातच थांबली. "बाबा, घुंगरू वाजतायत की. मला इथपर्यंत ऐकू येतायत."

"काहीतरीच बोलू नकोस."

त्यांनी तीच सीडी जुन्या प्लेअरवर लावली आणि स्पीकरला कान टेकवला. मग दुसरा कान टेकवला. तिथेही घुंगरू नव्हते.

कारखान्यातल्या पंपांच्या घरघरीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. कानात बोळे घालणाऱ्यांची तेव्हा ते थट्टा करत.

वैष्णवी हेल्मेट ठेवून शेजारी येऊन बसली. "संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ." त्यांचे हात स्वस्थ बसेनात. त्यांनी पुढची सीडी आत सरकवली. "तोवर ही होऊ दे. झाली की तू ऐक, आणि सगळं आलंय का ते मला सांग."