पहिलं बाळंतपण सासरी

माझी जीभ तिखट आहे, हे हरणीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. सून संयोगिता मात्र मला कधी घाबरली नाही. सातव्या महिन्यात, ओटीभरणाच्या आदल्या दिवशी, ती जवळ येऊन म्हणाली, "आई, मला माहेरी पाठवू नका."

पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आमची रीत. दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील खानदेशातून तिला न्यायला येणार होते. मी विचारलं, "का गं, आईशी भांडलीस?"

तेव्हा तिने सांगितलं. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांचं रक्त तपासतात, त्यात तिला एचआयव्ही निघाला होता. मग माझ्या लेकाची, पृथ्वीराजची तपासणी झाली, त्यालाही. "कळा सुरू झाल्या की मला गोळी घ्यायचीय, जन्मल्यावर बाळाला औषध द्यायचंय. मग बाळाला न होण्याची खूप आशा आहे, असं तिथल्या नर्सबेन म्हणाल्या. गावी तर दाईच येते."

हे आलं कुठून, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दारात माझा लेक उभा होता, मान खाली घालून. इथे मकरपुऱ्यात नोकरी लागण्याआधी तो दोन वर्षं परगावी होता. "लग्नाआधीचं आहे, आई. मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याला बडवावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं.

"तुझ्या आईला सांगायचं?" मी सुनेला विचारलं.

"नको. ती खचेल."

दुसऱ्या दिवशी ओटी भरून झाल्यावर मी चारचौघींत सांगितलं, "सून जाणार नाही. बाळंतपण इथेच होईल."

"का पण?" विहीण चिमणाबाईंनी विचारलं.

"माझी मर्जी."

त्यांचे डोळे भरून आले. "पोरीला चार दिवस आईकडे राहू देत नाही, कसली बाई आहात हो तुम्ही?" नवराबायको न जेवताच परतले.

नातू झाला. गोळी वेळेवर घेतली, औषधही दिलं. दीड वर्षाने त्याचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले.

त्यानंतर चिमणाबाई पहिल्यांदाच आल्या. नातवाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तुमच्या हट्टापायी लेकीचं बाळंतपण मला करता आलं नाही."

"हो, माझ्याच हट्टापायी."

संयोगिता काहीतरी बोलणार होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. चिमणाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "किती वाळलीस गं. सासुरवास, दुसरं काय."

मी चहा पुढे केला. त्या मला दोष देत होत्या, म्हणजे त्यांना खरं कारण कळलेलं नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.